खुलासा : पॅकेट लॉसवर मोठा प्लॅन हा इलाज नाही

विश्रामबागेतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : 'व्हिडिओ कॉल तुटतोय? १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० करा, पॅकेट लॉस थांबेल.' पॅकेट लॉस म्हणजे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट) वाटेतच हरवणं. कृपया लगेच पैसे भरू नका. घरातल्यांच्या डाउनलोडनं लाइन भरून जात असेल, तरच वाढीव स्पीडचा उपयोग. पहाटे सगळं बंद असतानाही कॉल तुटत असेल तर दुखणं वेगळं आहे.

लॅपटॉप लॅन केबलनं जोडा आणि राउटरला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढं राउटरचा पत्ता टाइप करून उत्तर येतं का ते बघा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. इथंच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर केबल, तिची पिन किंवा राउटर बघा. इथं स्वच्छ, पण ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) पिंग केल्यावर गळती? मग बाहेरची लाइन किंवा फायबर. कपाटामागं मुडपलेल्या फायबरमधून प्रकाश निसटतो, हे तर हमखास तपासा. गळती फक्त वायफायवर असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफाय बँडवर जाऊन बघा. तक्रारीसोबत दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट पाठवा.