जुना एसी भंगारात काढण्याचे फर्मान कोणीही काढलेले नाही

मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. एसीत थंडावा निर्माण करणाऱ्या ‘आर-२२’ वायूवर बंदी आल्याने जुने एसी निकामी होणार, नव्या एसीतला वायू स्फोटक आहे आणि हा सगळा घाट कंपन्यांचा खप वाढवण्यासाठी घातला आहे, असे त्यात म्हटले आहे.

पहिला दावा चुकीचा आहे. १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले ते ‘आर-२२’सारखे वायू वापरून नवी उपकरणे बनवणे, घरात चालू असलेला एसी वापरण्यावर बंदी नाही. या वायूचा पुरवठा २०३०पर्यंत टप्प्याटप्प्याने घटेल, पण दुरुस्तीसाठी त्यानंतरही २०४०पर्यंत अल्प प्रमाणाची मुभा आहे. तो महागेल, ही भीती मात्र रास्त आहे, आणि म्हणूनच गळतीकडे लक्ष द्यायला हवे. एसीतला वायू बंदिस्त नळ्यांतून फिरतो, तो वापरून संपत नाही. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा’ लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर कुजते, हे दादर-वरळीच्या रहिवाशांना सांगायला नको. गळती न शोधता नुसता टॉप-अप करणे म्हणजे ग्राहकाची लूटच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या एसीतला ‘आर-३२’ वायू सौम्य ज्वलनशील आहे, हे खरे. पण त्याला स्फोटक म्हणणे अतिशयोक्ती आहे. खरा धोका वेगळाच आहे. जुन्या ‘आर-२२’ यंत्रात ‘आर-३२’ भरला जातो, तेव्हा सुमारे दीडपटीहून अधिक दाब आणि न जुळणारे तेल यांमुळे कॉम्प्रेसर धोक्यात येतो.

कारस्थानाच्या आरोपाला तर वेळापत्रकच उत्तर देते. ‘आर-२२’सारख्या वायूंपासून ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल हा आंतरराष्ट्रीय करार १९८७ मध्ये झाला. ‘आर-२२’च्या जागी आलेला ‘आर-४१०ए’ वायू ओझोनला इजा करत नाही, परंतु त्याची एक किलो गळती सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडते, म्हणून २०१६ मध्ये त्याच करारात किगाली दुरुस्ती आली. त्यानुसार भारतात अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल, २०३२ मध्ये १० टक्के आणि २०४७पर्यंत ८५ टक्के घटेल. खप वाढवायचा असता, तर कोणी इतकी वर्षे दिली नसती.

या बदलाचा खरा भार पडतो तो छोट्या मेकॅनिकवर. व्हॅक्यूम पंप, नवे गेज आणि जुना वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेणारे यंत्र त्याला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते, आणि त्याबद्दल या संदेशात एक अक्षरही नाही.