टक्केवारीवर हसणाऱ्यांनो

आज डोहाळजेवणाच्या पंगतीत एक काका म्हणाले, "सर्व्हेबिर्व्हे थोतांड हो. २९ टक्के बायकांना नवरे मारतात म्हणे! आपल्या कोल्हापुरात कुठं दिसतंय?" सगळे हसले. बायकासुद्धा. माझं डोकंच फिरलं.

दिसणार कसं काका? माझी मावसबहीण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाला घरोघर फिरलीय. एका घरात सासूबाई मेथी निवडत मधल्या खोलीत बसलेल्या. हिनं दोनदा विनवलं, जरा एकटीशी बोलायचंय. "आमच्यात लपवायसारखं काय हाय?" म्हणून बाई हलल्याच नाहीत. मग हिनं मारहाणीचे प्रश्न सोडले. नियमच तसा आहे. एकांत नसेल तर विचारायचं नाही, नाहीतर सर्व्हेवाली गेल्यावर सुनेची कंबख्ती. आता ती सून कुठल्या टक्क्यात धरायची?

आणि "तुमचा छळ होतो का" असं विचारत नाहीत. त्याला सगळ्याच "नाही" म्हणतील. थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, असं एकेक विचारतात. ही पद्धत १९७९ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी घरातली मारहाण मोजायला मांडलेल्या मोजपट्टीवरनं घेतलीय. त्या मूळ मोजपट्टीत चापट मोजली जाते, तिच्यामागचा धाक मोजला जात नाही, ही खोट आहे, मान्य. पुरुषही मार खातात, तेही मान्य. पुढं?

२०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सांगितली. मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्यांतल्या ७७ टक्के जणींनी तोवर कुणापाशी तोंडच उघडलं नव्हतं. आईपाशीसुद्धा नाही! आणि तुम्हाला पंगतीत दिसायला पाहिजे.

शाहू महाराजांचं नाव घेताना छाती फुगते ना आपली? बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानात कायदा केला. तो काय हौसेनं?

ते घर कुठलं, हे बहिणीनं मला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. एवढंच म्हणाली, सून सगळा वेळ खाली बघून उत्तरं देत होती, मुलांच्या लसी बिनचूक तारखांसकट. निघताना दारापर्यंत आली आणि हळूच विचारलं, "परत येणार काय ओ तुम्ही?"

सर्व्हेवाल्या परत येत नसतात. काय सांगणार ही?

तेव्हा तुमच्या दारात अशी कोण पोरगी आली तर तिला चहा द्या, आणि बाकीच्यांनी अर्धा तास चौकात जाऊन बसा. सासूबाईंनीसुद्धा.