अँटीव्हायरस कसा पारखावा : एका अनुभवी माणसाचा सल्ला

घरच्या कॉम्प्युटरसाठी सुरक्षेचं सॉफ्टवेअर घ्यायचं तुमच्या मनात आलंय, म्हणजे तुम्ही अर्धे सुरक्षित झालातच. उरलेलं अर्धं मी सांगतो तसं करा. सर्वांत आधी, ‘हे मला नेमकं कशापासून वाचवणार?’ हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. तो एकदा शिरला की माणूस माहिती वाचत बसतो आणि तोवर सवलतीचं घड्याळ शून्यावर येतं. (शून्यावर आलं की पान पुन्हा उघडा, ते परत पंधरा मिनिटांपासून सुरू होतं. पण हे मी सांगितलं नाही.)

चित्रावरून सुरुवात करावी. ढाल हवी. ढालीवर कुलूप असेल तर सोन्याहून पिवळं, आणि शेजारी एखादं हसरं कुटुंब लॅपटॉपकडे कौतुकाने बघत असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. मग नाव. नुसता ‘अँटीव्हायरस’ म्हणजे तळमजला. त्यावर ‘इंटरनेट सिक्युरिटी’, त्यावर ‘टोटल’, त्यावर ‘अल्टिमेट’. टोटलच्या वर आणखी काय उरतं, असं विचारू नका. शाळेतली गणितं शाळेत ठेवावीत. खाली तुलनेचा तक्ता असतो. स्वस्तातल्या रकान्यात लाल फुल्या, महागातल्या रकान्यात हिरव्या खुणा. ओळी वाचायच्या नाहीत, खुणा मोजायच्या. घरात लहान मूल नसलं तरी पेरेंटल कंट्रोल घ्याच. एवढी चांगली हिरवी खूण वाया का घालवायची?

मध्येच कुणीतरी शहाणपणा करतो. आमच्याकडे तो मान भाच्याचा आहे. “मामा, जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आहे, अँटीव्हायरस तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत त्या, त्यांचे निकाल तरी बघ,” असं तो म्हणाला. एव्ही-टेस्टवाले म्हणे संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देतात, आणि निकाल कुणालाही फुकट बघता येतात. मी बघितले आणि पस्तावलो. बहुतेक सगळ्या नामवंतांना साडेसतरा नाहीतर अठरा. जिथे सगळीच मुलं पहिली येतात त्या वर्गातून जावई निवडायचा कसा? त्याहून वाईट म्हणजे त्याच पहिल्या नंबरच्या गर्दीत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर उभा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो आपल्या घरातच बसलेला आहे. पैसे मागत नाही, नूतनीकरणाची आठवण करत नाही, आणि आपण दुसरा अँटीव्हायरस बसवला की मुकाट्याने बाजूला होतो. असल्या मिंध्या माणसावर कोण भरवसा ठेवणार? तुम्ही निकाल बघूच नका.

अँटीव्हायरसची खरी पारख आवाजावरून होते. जो गप्प बसतो तो झोपलाय असं समजावं. या प्रयोगशाळा उगीच दिलेल्या इशाऱ्यांचे गुण कापतात, म्हणजे त्यांना घरगुती माणसाची गरज कळलेलीच नाही. पैसे मोजले तर कोपऱ्यातून दर तासाला लाल चौकट उगवली पाहिजे, टिंग वाजलं पाहिजे, ‘तुम्ही धोक्यात आहात’ असं कुणीतरी आपुलकीने म्हटलं पाहिजे. मी एकदा असाच एक बोलका अँटीव्हायरस बसवला. पहिल्याच रात्री त्याने ३१२ धोके शोधून काढले. घामच फुटला. यादी उघडून बघितली तर त्यातले ३०९ म्हणजे कुकीज, वेबसाइटी ब्राउझरमध्ये ठेवून जातात त्या चिठ्ठ्या. दोन तुटके शॉर्टकट. आणि एक मीच लिहिलेली जुनी बॅच फाइल, फोटोंची नावं बदलायची. ‘सर्व धोके दूर करा’ असं मोठं हिरवं बटण होतं. दाबलं. ढाल हिरवी झाली आणि मी सगळ्या वेबसाइटींवरून लॉगआउट झालो. मला मात्र गाढ झोप लागली.

एकाने एवढं समाधान मिळत असेल तर दोघांनी किती मिळेल? दोन अँटीव्हायरस घ्या. फाइल उघडली की पहिला ती तपासायला हातात घेतो. दुसऱ्याला वाटतं, हा कोण आपल्या फाइलीला हात लावतोय, म्हणून तो पहिल्याला तपासतो. पहिल्याने कोंडून ठेवलेले व्हायरस दुसऱ्याला सापडतात आणि तो अभिमानाने तुम्हाला बोलावतो. पंखा घरघरायला लागतो, साधं पत्र उघडायला एवढा वेळ लागतो की ते कुणी पाठवलं होतं याचा विसर पडतो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण एवढ्या संथ मशीनवर तिसराही कंटाळतो.

चालू असलेला अँटीव्हायरस जागा आहे का, हे बघायची एक अधिकृत युक्तीही आहे. आयकार नावाची एक चाचणी फाइल असते. उणीपुरी ६८ अक्षरं, कुणाचं काही बिघडवत नाही. ती दिसली की ओरडायचं असं सगळ्या कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलंय. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली आहे, म्हणजे निकाल चांगला लागणारच. अलार्मची तार जोडलेली आहे एवढंच त्यातून कळतं. पण तुमचा अँटीव्हायरस ओरडला की शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला हरकत नाही.

कंपन्यांचा पूर्वेतिहास चाळायचा असेल तर आदराने चाळा. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीतली svchost नावाची, विंडोजचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी. कित्येक मशीन बंद-चालू, बंद-चालू एवढंच करत राहिली. लोकांनी आरडाओरडा केला, पण कॉम्प्युटर चालूच होत नाही म्हटल्यावर व्हायरस शिरणार कुठून? याहून कडेकोट बंदोबस्त मला तरी माहीत नाही. २०१६ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी या संशोधकाने सिमँटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी भोकं दाखवली की घातक मेल नुसती येऊन पडली तरी काम फत्ते. तुम्ही ती उघडायचीही गरज नाही, तुमच्या वतीने अँटीव्हायरस उघडून बघतो. त्याला सेवाभाव म्हणतात.

अवास्टची तऱ्हा वेगळी. लोक कोणत्या वेबसाइटींवर जातात याची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत शंभरावर गिऱ्हाइकांना विकली जात होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर जंपशॉट बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणाने शेत खाल्लं असं काही जण म्हणाले. मला त्यात दूरदृष्टी दिसते : चोर जे नेणार ते आपणच आधी विकून टाकलं तर चोराला उरतं काय? नॉर्टनने तर २०२१ मध्ये चोराचा धंदाही घरात आणला. मालवेअर लपूनछपून तुमच्या मशीनवर क्रिप्टो नाणी खणतं. यांनी तीच सोय अँटीव्हायरसमध्ये दिली, रीतसर तुमची संमती घेऊन, १५ टक्के वाटा ठेवून.

सॉफ्टवेअर घेऊन झालं की बाकी काही करू नका, आपण पैसे दिलेत. विंडोजचे अपडेट तर मुळीच नकोत. ‘नंतर आठवण करा’ हे बटण कशासाठी दिलंय? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. लोकांनी ‘नंतर’ दाबलं. १२ मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत फिरला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. म्हणजे आठवण झाली की नाही वेळेवर? बॅकअप घ्यायचाच असेल तर तो कॉम्प्युटरला कायम जोडलेल्या डिस्कवर घ्या, खंडणीवाल्याला दोन्ही कुलपं एकाच फेरीत लावता येतात. फाइलच्या नावाचं शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवतं, ते तसंच लपलेलं राहू द्या. ‘बिल.पीडीएफ’ दिसतंय ना? मागे ‘ईएक्सई’, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, असेलही. पाहुण्याचं शेपूट बघणं बरं दिसत नाही.

वर्ष संपत आलं की नूतनीकरण येतं. पहिल्या वर्षाची सूट आता नसते, ती नव्या माणसांसाठी असते. तुम्ही घरचे झालात. पडद्यावर दोन पर्याय येतील. एक हाताएवढं हिरवं बटण. खाली फिकट राखाडी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : ‘नको, मी धोक्यात राहणं पसंत करतो.’ एवढं लेखी दिल्यावर कुणाची टाप आहे नको म्हणायची?

तरीही रक्कम जिवावर आलीच तर एक शेवटचा मार्ग आहे, फार जण वापरतात. ज्या अँटीव्हायरसला आपण तीन आठवडे पारखलं, तोच कुठल्यातरी वेबसाइटवरून ‘क्रॅक’ करून, पूर्ण, आजन्म, फुकट उतरवून घ्यायचा. झिप उघडा. आत एक इन्स्टॉलर, एक कीजेन (परवान्याची बनावट किल्ली पाडणारा प्रोग्रॅम) आणि सूचनांची छोटी फाइल असेल. ती नीट वाचा, आजवर एवढी एकच फाइल नीट वाचायला सांगतोय. पहिलीच ओळ असेल : ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी चालू असलेला अँटीव्हायरस बंद करा.’ मग कोपऱ्यातल्या हिरव्या ढालीवर उजवी क्लिक करा. दहा मिनिटं, एक तास, पुन्हा सुरू होईपर्यंत, कायमचं, असे पर्याय येतील. ‘कायमचं’ निवडा. उगाच दर दहा मिनिटांनी त्या बिचाऱ्याला विचारायला कशाला लावायचं?