'किमान एक अंक' असेल तर वजाबाकीच का? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, मनापासून थँक्यू. तुमचं म्हणणं असं की सहा कॅरेक्टरचा पासवर्ड, 26 स्मॉल अक्षरं आणि 10 अंक, किमान एक अंक हवाच, तर असे पासवर्ड किती हे मोजायला मी वजाबाकीचा (एकूण पासवर्डांतून एकही अंक नसलेले वजा करण्याचा) वळसा उगाच घेतला, सरळ अंकाची जागा 6 प्रकारे निवडा, तिथे 10 पैकी एक अंक ठेवा, उरलेल्या पाच जागी 36 पैकी काहीही, गुणाकार केला की झालं. आणि दुसरं, हे गणित फक्त परीक्षेपुरतं.

आधी तुमचा गुणाकार पूर्ण करून बघू. 6 × 10 × 36 चा पाचवा घात, म्हणजे 3,62,79,70,560. आता अटच काढून टाका, तरी एकूण पासवर्ड 36 चा सहावा घात, म्हणजे 2,17,67,82,336 एवढेच होतात. अट घातल्यावर पासवर्ड वाढतील कसे?

गडबड कुठे होते ते सांगतो. 7ab4cd हा पासवर्ड घ्या. 'अंकाची जागा' म्हणून पहिली निवडली तरी तो तयार होतो आणि चौथी निवडली तरी तोच तयार होतो, म्हणजे दोनदा मोजला गेला, आणि सहाही अंक असलेला तर सहा वेळा. गुणाकाराचा नियम तेव्हाच चालतो जेव्हा प्रत्येक पासवर्डपर्यंत निवडींची एकच वाट जाते, आणि नेमकी हीच गोष्ट क्लासमध्ये घाईघाईत सुटते याचं मला फार वाईट वाटतं. दोनच कॅरेक्टर घेऊन पडताळा: तुमच्या रीतीने 2 × 10 × 36 = 720, वजाबाकीने 36 × 36 − 26 × 26, म्हणजे 1296 − 676 = 620. जास्तीचे 100 म्हणजे दोन्ही अंक असलेले, 00 पासून 99 पर्यंत. वजाबाकी नकोच असेल तर नेमका एक अंक, नेमके दोन, असं सहापर्यंत वेगवेगळं मोजून बेरीज करा, सहा कॅरेक्टरसाठी उत्तर वजाबाकीचंच येईल, 1,86,78,66,560.

परीक्षेपुरतं म्हणाल तर नाही पटत. कीबोर्डवरची स्पेस धरून 95 चिन्हं वापरून आठ कॅरेक्टरचे जेवढे पासवर्ड होतात, त्याच्या साधारण 14 पट नुसत्या स्मॉल अक्षरांचे बारा कॅरेक्टरचे होतात. म्हणजे @ आणि # कोंबण्यापेक्षा लांबी वाढवणं जास्त कामाचं, आणि अमेरिकेतल्या निस्ट (NIST) या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत असल्या सक्तीच्या अटी घालू नका असंच सांगितलं. फक्त ही मोजणी अक्षरं रँडम निवडली असतील तरच लागू, pune1234 ठेवलात तर हल्ला करणारा सगळे पर्याय तपासतच बसत नाही, तो नेहमीच्या पासवर्डांची यादी आधी चालवतो.