हंगामी वसतिगृहं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून त्यांना शाळेत जेवण देणारी योजना म्हणजे हंगामी वसतिगृहं. बीडमधल्या या वसतिगृहांच्या मूल्यमापनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आई-बाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावात राहिली, शाळेत हजर राहिली. म्हणजे योजना यशस्वी. एसीत बसणाऱ्या बाहेरच्यांना खोट काढायला काय जातं?" पुढे, तुलनेला दुसरी गावं का नाहीत आणि खर्चाचा हिशेब कुठे, असंही विचारलंत.

तुलनेचा मुद्दा रास्त आहे, तेवढं मान्य. 2001 ते 2003 दरम्यान मुंबई-वडोदऱ्यात 'बालसखी'चं (अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला वस्तीतलीच तरुणी नेमण्याच्या उपक्रमाचं) मूल्यमापन तसंच झालं : काही शाळांत एका इयत्तेला बालसखी, काहींत दुसऱ्या, आणि मग फरक मोजला. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुढे-मागे हलतात त्या गावांत हे बसवणं अवघड आहे. खर्चाचं पुन्हा कधीतरी.

'बाहेरच्यांना' हे मात्र मी सोडणार नाही. माझे आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळे दिवाळी झाली की निघावंच लागायचं. मी आजीपाशी राहिलो. थोरली बहीण फडावर गेली, कारण तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. शाळेच्या पटावर तिचं नाव होतंच! वयात आल्यावर तिला मागे ठेवायची भीती आणि सोबत न्यायचीही भीती, म्हणून घाईनं लग्न लावलं. हे मी कुठल्या ऑफिसात शिकलेलो नाही. माझं गाव न विचारता मला बाहेरचा ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

म्हणूनच मी हजेरीपाशी थांबलो नाही. किती मुलं जेवली हे रजिस्टर सांगतं. सातवी-आठवीच्या किती मुली आल्याच नाहीत, ते त्यात नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचा आकडा 21.9. अशा जिल्ह्यात मुलांच्या संरक्षणाचं काम नुसत्या हजेरीवर यशस्वी म्हणायचं? शाळेत जेवून मुलं रात्री कुठे झोपतात, आजी आजारी पडली तर त्यांच्याकडे कोण बघतं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

तुमच्याकडे मुलींचे वेगळे आकडे असतील तर पाठवा, मी इथेच देईन. पुन्हा 'बाहेरचे' म्हणून लिहिलंत, तर उत्तर मिळणार नाही.