खुलासा : प्रातोच्या बदामी बिस्किटांबद्दल

इटलीतील प्रातो शहरातल्या ‘आंतोनियो मात्तेई’ या जुन्या दुकानाची बदामी बिस्किटे लोणी घालून, पण अंड्याविना केलेली असतात आणि त्यांचा शोध मात्तेई यांनीच लावला, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

या बिस्किटांत मैदा, साखर, अंडी, बदाम आणि पाइनच्या बिया एवढेच जिन्नस असतात. लोणी वा तेल मुळीच नसते, मात्र अंडी असतात, कारण कणीक त्यांनीच बांधली जाते. म्हणूनच अंडी वर्ज्य असणाऱ्या आपल्या प्रवाशांनी त्या मजकुराच्या भरवशावर ही बिस्किटे खाऊ नयेत, हे सांगणे मला सर्वांत निकडीचे वाटते. (लोण्याच्या, मऊ आवृत्त्या इतरत्र मिळतात, त्या वेगळ्या.)

शोधाविषयी म्हणायचे तर, मात्तेई यांनी दुकान १८५८ साली सुरू केले हे खरे, परंतु अशा बिस्किटांची कृती प्रातोच्याच आमादिओ बाल्दांझी यांच्या अठराव्या शतकातील हस्तलिखितात आधीपासून आढळते. मात्तेई यांचे श्रेय ती कृती घडवून नावारूपाला आणण्याचे आहे, आणि ते मुळीच लहान नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दुकान पांदोल्फिनी कुटुंबाकडे आले व आजही तेच ते चालवते. निळ्या कागदी पिशवीत मिळणारी ही बिस्किटे टस्कनीत ‘विन सांतो’ या गोड वाइनमध्ये बुडवून खाण्याची रीत आहे.