मुलगी द्या, तह घ्या

शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची लढाई चालू आहे आणि घरात सहा वर्षांची मुलगी आहे? मग कशाला घोर लावून घेता? फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सने १३९६ मध्ये काय केलं ते बघा. लेक इसाबेल इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली.

स्थळ बघताना वयाचा बाऊ करू नये. दुसरा रिचर्ड २९ वर्षांचा, बिजवर. पहिली राणी जिथे वारली तो वाडाच त्याने दुःखाने पाडायला लावला. एवढा हळवा जावई शोधून मिळायचा नाही. मुलीची संमती मात्र घ्याच. इंग्लंडच्या सरदाराने गुडघे टेकून विचारलं, तेव्हा पोर म्हणाली म्हणे, देवाच्या आणि वडिलांच्या मनात असेल तर होईन राणी. मी मोठी बाई होणार असं सांगितलंय मला. कोणी सांगितलं, हे विचारायचं नसतं.

याद्या डोळ्यांत तेल घालून करा. ८ लाख फ्रँक हुंडा, त्यातले ३ लाख आधी, बाकीचे हप्त्याने. बदल्यात २८ वर्षं युद्धबंदी. जावयाची गादी किती टिकेल, हे कुणी यादीत लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका.

तीनच वर्षांत चुलतभाऊ हेन्रीने रिचर्डला गादीवरून खाली ओढलं. पुढच्या वर्षी तो कैदेत मेला. दहा वर्षांच्या विधवेला हेन्रीने घरचंच स्थळ सुचवलं, स्वतःचा मुलगा. कारटी चक्क नाही म्हणाली! मग १४०१ मध्ये मुलगी परत आली, हुंडा तिकडेच राहिला. वडिलांकडे दाद मागावी, तर त्यांना वेडाचे झटके येत. आपण काचेचे आहोत, हात लावला तर फुटू, असं त्यांना वाटे. अशा माणसाला हुंड्याचा हिशेब कोण विचारणार?

मागचा नवरा वयाने मोठा होता ना? १४०६ मध्ये अकरा वर्षांचा बघितला, चुलतभाऊच, ऑर्लेआँचा शार्ल. सोळा वर्षांची नवरी लग्नात रडली म्हणतात. नवऱ्या मुली रडतातच, लक्ष देऊ नका. १४०९ मध्ये बाळंतपणात गेली, एकोणिसाव्या वर्षी.

पण सोयरीक अशी वाया जात नाही. तिने नाकारलेला तो मुलगा पाचवा हेन्री झाला, १४१५ मध्ये चालून आला आणि आजँकूरच्या लढाईत शार्लला पकडून पंचवीस वर्षांच्या कैदेत घेऊन गेला. शिवाय इसाबेल माहेरी परतली त्या वर्षी जन्मलेली तिची बहीण कॅथरीन त्याने मागितली. १४२० च्या याद्यांत काचेच्या सासऱ्याने आपल्यामागे फ्रान्सची गादीच जावयाच्या नावे केली.